खोगीर वाहणाऱ्याचं गाणं

हिराफोक, १२ फेब्रुवारी १९८८

ही मी, चेन्ना, म्हणते: तेकादित, थोरले, तुला सलाम, तुझ्या अखमादूला सलाम, तुमच्या पोरींना सलाम.

सात वर्षांनी धाकटीचं पत्र आलं म्हणजे कुणीतरी गेलं असणार, असं मनात येईल तुझ्या. कुणी गेलेलं नाही. अब्बा आहेत. त्यांना आता मुळीच दिसत नाही, पण शेळीच्या खुरांच्या आवाजावरून ती कुणाची हे सांगतात आणि चहात साखर कमी पडली की अजून तसेच ओरडतात.

आईनं वाळूत बोट धरून शिकवलेली अक्षरं हाताला आहेत अजून, पण कागदावर भीती वाटते. वाळूत बरं होतं, चुकलं की तळवा फिरवून मोकळं.

जानेवारीत पाऊस झाला. ओढा दीड दिवस वाहिला. आता जिथं तिथं बोटभर गवत आलंय आणि शेळ्या खाऊन खाऊन आडव्या पडतात. मी त्यांच्यामागं हिंडते आणि जुळेल ते जुळवते. परवा एक गाणं केलं, टिटवीनं उंटाच्या पावलाच्या ठशात अंडी घातली त्यावर. बायकांना आवडलं. रैशातू म्हातारी उखळावर चामडं ताणून केलेला ढोल अजून तशीच वाजवते, चामडं ताठ राहावं म्हणून दोन बाया बाजूच्या मुसळांवर बसवून, आणि ठेका चुकला की त्या दोघींनाच शिव्या घालते. गाण्यातली तुझी जागा रिकामी ठेवलीय असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. तुझ्या जागी दुसरी बसते. तिचा आवाज पत्र्यासारखा आहे.

बिस्का ट्रकवाल्यानं सांगितलं की अखमादूवरच्या माझ्या गाण्याची ती कॅसेट तुमच्या जानेतच्या बाजारातसुद्धा वाजते. ती मी पाठवली नव्हती. त्या लग्नात मी ते म्हटलं तेव्हा कुणीतरी रेकॉर्डर ठेवला होता, मला नंतर कळलं. आणि थोरले, खरं सांगायचं तर तेव्हा सगळं गाव हसत होतं. अखमादू दोन दिवसांची वाट पायी तुडवत, खोगीर खांद्यावर घेऊन गावात शिरला, त्याचा उंट मात्र आदल्याच दिवशी अब्बांना पाठीवर घेऊन घरी आलेला. मी नसतं जुळवलं तर दुसरीनं जुळवलं असतं.

हे मी माझी बाजू मांडायला लिहीत नाही. अब्बांनी लिहायला सांगितलं म्हणून लिहिते. मागल्या महिन्यात बाजरी कांडताना ते गाणं माझ्या तोंडात आलं, सवयीनं. अब्बा सावलीत बसले होते. म्हणाले, या घरात ते नको. का, ते पुन्हा कधीतरी.

बिस्का वीस दिवसांनी परत येईल. एक ओळ तरी दे त्याच्याजवळ.

चेन्ना


हिराफोक, ९ मार्च

ही मी, चेन्ना, म्हणते: बिस्का रिकाम्या हातानं आला. तू पत्र घेतलंस, कनवटीला लावलंस आणि त्याला खजूर दिलेस, एवढं सांगितलं. खजूर त्यानं वाटेतच संपवले.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट दडवली. दडवण्याजोगी नव्हती, पण लिहायला हात वळेना. आज लिहिते. उभी असशील तर बस.

अखमादूचा उंट अब्बांना, सगळे समजतात तसा, भटकताना सापडला नव्हता.

त्या वर्षी ते तिघा व्यापाऱ्यांना ताझरूकला पोचवून एकटे परत येत होते. डोळ्यांवर पडदा यायला लागून दोन वर्षं झाली होती आणि आपल्यापैकी कुणालाही त्यांनी कळू दिलं नव्हतं. ज्यांच्या नावानं लोक वाटेला नावं देत, त्या वाटाड्यानं कसं सांगावं? दिवसा ते उंटाच्या भरवशावर चालत, आणि लोकांना वाटे, केवढा विश्वास स्वतःवर. त्या खेपेला वारा सुटला होता. विहीर उजव्या हाताला राहिली आणि ते पुढं निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचा उंट त्यांना एका बाभळीखाली सोडून, दोर तोडून पाण्याच्या शोधात गेला. तो परत आलाच नाही.

अखमादू आपली सांडणी हुडकत त्या बाजूला आला होता. त्यानं अब्बांना तिथं पाहिलं. आपल्यात जावई सासऱ्याशी तोंड वर करून बोलत नाही, हे तुला मी काय सांगू. तो तिथंही बोलला नाही. मुंडासं नाकापर्यंत वर ओढलं, पाणी दिलं, आपलं खोगीर उतरवून अब्बांचं खोगीर आपल्या उंटावर चढवलं. आणि मग जे सांगायचं ते उंटाला सांगितलं. अब्बा म्हणतात, शब्द न् शब्द आठवतो: "ऐक रे. म्हाताऱ्यांना विहिरीवरून घरी ने. तू पुढं हो. मी मागून येईन, घाई नाही मला."

मी विचारलं, बरोबर का नाही आलात? अब्बा म्हणाले, जोडीनं आलो असतो तर शेंबड्या पोरांनीही ओळखलं असतं की वाटाड्याला वाट दाखवून आणलाय. ते त्याला कळलं. मी न सांगता कळलं.

गावात शिरल्यावर लोकांनी विचारलं, हा अखमादूचा उंट तुमच्याकडे कसा? अब्बांच्या तोंडून निघून गेलं, "मोकळा भटकताना सापडला. माझा लंगडत होता, चरायला सोडला." दुसऱ्या दिवशी अखमादू आला तोवर हे गावभर झालं होतं. त्यानं ते ऐकलं आणि तसंच राहू दिलं.

आणि त्याच आठवड्यात मी ते गाणं केलं.

अब्बा त्या लग्नात पहिल्या रांगेत बसले होते, थोरले. मी गायले तेव्हा ते हसले नाहीत, पण उठलेही नाहीत. मला तेव्हा वाटलं, म्हातारपण, दुसरं काय.

तुला हे आधीच माहीत असेल. नवरा बायकोला सांगतोच. मग तू माझ्या दारात येऊन एवढंच का म्हणालीस, "चेन्ना, ते म्हणू नकोस"? खरं काय ते तोंडावर फेकलं असतंस तर मी थांबले असते. असं मी स्वतःला सांगते. तुम्ही गाव सोडून गेलात त्यानंतरच्या लग्नात मी ते गाणं तीनदा म्हटलं, लोकांनी मागितलं म्हणून.

चेन्ना


हिराफोक, २ एप्रिल

ही मी, चेन्ना, म्हणते: तुझं पत्र नाही. असू दे. मी लिहीत राहीन, बिस्काला काय, टपावर जागा आहे.

गाणं परत घेता येत नाही. शिवी परत घेता येते, दिलेली शेळीसुद्धा परत मागता येते, लाज सोडली तर. गाणं नाही. रैशातूला सगळं सांगितलं. ती बराच वेळ दाढेतली तंबाखू फिरवत राहिली आणि म्हणाली, "एका गाण्याला दुसरं गाणंच खातं. पण ते पहिल्याहून चांगलं लागतं, आणि तुझं ते पहिलं लई चांगलं होतं, मेले."

चांगलंच होतं. माझं दुःख ते आहे. तू विसरली नसशील, तरी लिहिते, म्हणजे तुला माझा राग नीट येईल:

उंट गेला कुठं, अखमादू, उंट गेला कुठं?
शेणकिडा निघाला घरला, गोळा घेऊन पाठी,
खोगीर बसलं माणसावर, वेसण कुणाच्या हाती?

शेणकिडा मी त्याच सकाळी पाहिला होता, तंबूमागं, आपल्याहून मोठा गोळा ढकलत चाललेला. मला वाटलं, हाच तो. हसू आलं आणि ओळ आली, एकदमच. तुझ्या पोरींना शाळेत शेणकिड्याच्या पोरी म्हणतील, हे त्या ओळीत कुठंच दिसत नव्हतं.

आता वीस दिवस नवं जुळवतेय. अखमादूला सिंह केलं, डोंगर केलं, पावसाचा ढग केलं. रैशातूसमोर म्हटलं तर तिच्या हाताला ठेका सापडेना. म्हणाली, हे कुठल्या तरी सरकारी साहेबाच्या स्वागताचं वाटतंय. खरंच आहे. अखमादू सिंह कुठला? तो लंबूटांग्या, मान पुढं काढून चालणारा, शेळी व्याली तरी डोळ्यांत पाणी येणारा माणूस.

दुसरी अडचण मोठी आहे. त्याला उजळायचं तर अब्बांना काळं करावं लागतं. मी ठरवलं होतं, अब्बा आहेत तोवर थांबायचं. तसं त्यांना म्हटलंही. त्यांचा चेहरा तू पाहायला हवा होतास. म्हणाले, "मी गेल्यावर म्हणशील तर लोक म्हणतील, पोरीनं मेलेल्या बापावर ढकललं. मी समोर बसलेला असताना म्हण. मला ऐकू येतं अजून."

उद्या आम्ही दोघं त्या बाभळीकडे निघतोय. गाढव घेतलंय आणि रैशातूच्या भाच्याचं खोगीर.

चेन्ना


हिराफोक, १४ एप्रिल

ही मी, चेन्ना, म्हणते: जाऊन आलो. पाय सुजलेत, म्हणून बसून लिहायला वेळच वेळ आहे.

अब्बांना गाढवावर बसवलं. दिसत नसताना त्यांनी मला वाट सांगितली. वारा कुठल्या गालाला लागतोय, पायाखाली खडी लागली की वाळू, तरवडाचा वास आला का, असं विचारत विचारत. त्या वेळी डोळे अर्धे होते म्हणून चुकलो, म्हणाले, अर्ध्या डोळ्यांवर विसंबलो. आता ते पुरते गेलेत तर वाट सापडते.

बाभूळ उभी आहे. तिच्या बुंध्यावर हात ठेवून अब्बा बराच वेळ उभे राहिले आणि मग विहिरीच्या दिशेनं तोंड करून हसले. विहीर इतकी जवळ आहे, थोरले, की मी तिथून हाक मारली असती तर पाणी भरणाऱ्या बाईनं वळून पाहिलं असतं.

परतीला मी खोगीर खांद्यावर घेतलं. मला जाणून घ्यायचं होतं. अब्बा म्हणाले, वेडी आहेस. अर्धा दिवस चालले फक्त. त्यानं दोन दिवस काढले होते. पहिला तास काही वाटत नाही. मग खोगिराचा पुढचा खुंट प्रत्येक पावलाला मानेवर आपटतो. वाळूत पाय उशिरा पडतो, खडीवर लवकर, तसा तो ठोका कधी लांब, कधी जवळ. मी रडकुंडीला आले होते आणि तरीही मनात म्हणत होते, अगं, हा ठेका आहे. हा उखळावर कुणी वाजवलेला नाही. दुपारी मी खोगीर गाढवावर टाकलं आणि उरलेली वाट तो ठेका जिभेवर धरून चालले, सांडू नये म्हणून.

सिंह नको, ढग नको. जे झालं तेच सांगायचं. घरी येऊन दोन दिवसांत गाणं झालं. इथं लिहीत नाही. आधी अब्बांसमोर म्हणायचं, मग तुझ्याकडे.

ईदनंतर रैशातूच्या भाचीचं लग्न आहे. मला भीती वाटते. गाण्याआधी मला कधी भीती वाटली नव्हती.

चेन्ना


हिराफोक, २४ मे

ही मी, चेन्ना, म्हणते: म्हटलं.

चाळीसेक उंट होते, ताझरूकहून, इदेलेसहून आलेले. बायका उखळाभोवती, पुरुष उंटांवरून आमच्याभोवती फेर धरून. अब्बांना मी पुढं आणून बसवलं होतं. त्यांनी निळं नवं मुंडासं बांधलं होतं, ईदलाही न बांधलेलं.

मी मुद्दाम जुन्याच ओळीनं सुरुवात केली. उंट गेला कुठं, अखमादू. लगेच हशा, टाळ्या, वरून कुणीतरी खिंकाळला. मग रैशातूनं ठेका बदलला, मी शिकवला तो लंगडा ठेका, आणि बायकांचे हात गोंधळले. त्या गोंधळात मी पुढं म्हटलं:

उंट गेला कुठं, विचारलं मी. उंट आला घरी.
त्यावर होता माझा बाप, जावई वाळूवरी.
बापाचे डोळे गेले होते, जावयानं ते झाकलं,
अन् झाकणाऱ्या त्या माणसाला मी उघडं टाकलं.

टाळ्या थांबल्या. तुझ्या जागी बसणारी ती पत्र्याच्या आवाजाची माझ्याकडे तोंड वासून बघत राहिली, तिनं ओळ उचलली नाही. कुणीच उचलली नाही. फक्त रैशातू वाजवत होती. मी दुसऱ्यांदा म्हटलं, एकटीनं. फेरातले उंट हळू झाले. एका म्हाताऱ्यानं वरूनच विचारलं, "हे खरं का?" माझ्याकडे बघून नाही, अब्बांकडे बघून.

अब्बा बसल्या जागी म्हणाले, "खरं. उंट मला सापडला नव्हता. मी सापडलो होतो."

मग त्या म्हाताऱ्यानं छातीतून तो घुमारा काढला, पुरुष पसंतीला काढतात तो, आणि मागोमाग दुसऱ्यानं, आणि फेर पुन्हा फिरायला लागला. तिसऱ्यांदा बायकांनी ओळ उचलली. ती रात्र सरेपर्यंत मागत राहिले. मी अब्बांकडे बघत होते. त्यांची मान ठेक्यावर हलत होती, थोडी उशिरा, थोडी लवकर.

घरी आल्यावर मी विचारलं, वाईट वाटलं का? म्हणाले, खूप. आणि मग ताटभर जेवले.

या वेळी रेकॉर्डर मीच ठेवायला सांगितला होता. कॅसेट बिस्काजवळ देतेय. वाजव किंवा चुलीत घाल, तुझा हक्क आहे. पण अखमादूच्या कानावर एकदा पडू दे. आणि पोरींच्या.

चेन्ना


हिराफोक, ३ ऑगस्ट

ही मी, चेन्ना, म्हणते: तुझं पत्र आलं.

बिस्कानं ते दिलं तेव्हा मी शेळीचं दूध काढत होते. हात ओलेच होते, पहिल्या दोन ओळी फुगून गेल्या. त्या सलामाच्या असाव्यात असं मी धरून चालले आहे.

आठ वेळा वाचलं. तू लिहितेस की त्यानं तुलाही सांगितलं नव्हतं. मी तर तुलाच दोष देत होते, माहीत असून गप्प बसलीस म्हणून. सात वर्षं तूही मानत होतीस की त्याला डोळा लागला आणि उंट सुटला. भांडणात दोनदा ते त्याला ऐकवलंस. आणि माझं मार्चचं पत्र वाचून दाखवलंस तेव्हा तो उठून बागेत गेला आणि अंधार पडेतो पाटाचं पाणी वळवत राहिला. थोरले, आपण दोघी एकाच आईच्या. तू लिहितेस की माझ्यावरचा राग कुठं ठेवावा ते आता तुला समजत नाही. ठेव जवळ थोडा. इतकी वर्षं वापरलेली वस्तू एकदम टाकवत नाही.

आणि तू माझी चूक काढलीस. गाण्यात शेवटी मी त्याला मुका म्हटलंय, मुका आला, मुका गेला, असं. तू लिहितेस: चूक. अखमादू म्हणतो, मी मुका नव्हतो, मी सारी वाट गात होतो, ऐकायला कुणी नव्हतं एवढंच. आणि खाली त्याच्या चार ओळी. त्यानं त्या कधी कुणाला म्हणून दाखवल्या नव्हत्या, तुझ्यासाठी केल्या होत्या तरी. तो म्हणून दाखवायच्या आधीच माझं गाणं गावभर झालं होतं.

मी त्या अब्बांना वाचून दाखवल्या:

सावली माझी पुढं चालते, भार तिच्याही माथ्याला,
दमलीस का, विचारलं तर म्हणते, विचार पायाला.
पाय म्हणतो, तेकादितनं चहा ठेवलाय चुलीवर,
पहिला पेला कडू असतो. कडू तर कडू, चल बरं.

अब्बांनी पुन्हा वाचायला लावलं. मग आणखी एकदा. मग म्हणाले, "त्या दिवशी तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. रीतच तशी, ते मला ठाऊक आहे. पण उंट चालायला लागल्यावर वाटलं, रागावलाय, म्हातारा जिवाला भार झाला म्हणत असेल मागं. सात वर्षं मला तसंच वाटत होतं. आणि हा मागं चहाची गाणी म्हणत होता."

ते हसायला लागले, आणि हसता हसता जे झालं ते मी लिहीत नाही, तू त्यांची मुलगी आहेस.

माझ्या गाण्याहून ते चांगलं आहे. मी टिटव्या बघते, शेणकिडे बघते, जगावर नजर ठेवून असते, आणि हा माणूस घसा कोरडा पडलेला असताना स्वतःच्या सावलीशी गप्पा मारतो. रैशातूला ऐकवलं. ती म्हणाली, हे त्या उखळावर लागेल, पण चेन्ना, तुझ्या गळ्यात नाही लागायचं, तुझ्या चहाला कोण येतंय चालत?

खरंय म्हातारीचं. अब्बांना ते पुरतं ऐकायचंय, चालीवर, आणि त्यांनी मला विचारलं, कोण म्हणणार? अखमादू सासऱ्यापुढं म्हणायचा नाही, मान कापलीस तरी. मी म्हणायचं नाही. राहिली एक.

खजूर उतरवून झाले की बिस्का रिकामा येतो, पुढं दोन माणसं आणि मागं पोरी सहज बसतील. त्याला मी सांगून ठेवलंय. मुक्याची ओळ मी काढून टाकली. तिथं आता जागा आहे, चार ओळींची.

चेन्ना